सोन्याचं पाणी, चांदीचे पॉइंट

कॉम्प्युटर चालू होताना नुसताच बीप-बीप करायला लागला की काय करायचं हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. कॅबिनेट उघडायचं, रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासायच्या, फुंकर मारायची आणि परत बसवायची. बऱ्याचदा मशीन चालू होतं आणि आपण हार्डवेअर एक्सपर्ट ठरतो. तिकडे गावाला विहिरीवरची मोटर उचलेना की स्टार्टरचं झाकण उघडतात, काळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरने चकाचक घासतात. तिथेही मोटर बऱ्याचदा चालू होते.

दोन्हीकडे आपण खरं तर एकच उद्योग करतो: कुणीतरी मोजूनमापून लावलेला मौल्यवान धातू घासून काढून टाकतो. रॅमच्या पट्टीवर सोनं असतं, स्टार्टरच्या पॉइंटवर चांदी. आता इथे सोनं का आणि तिथे चांदी का? दोन्हीकडे तांबंच का नाही? आणि असला धातू किती लावायचा हे ठरवलं कुणी? माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. पडला तो साकीनाक्यामुळे.

साकीनाका म्हटलं की आपल्याला आठवतो तो ट्रॅफिक, आणि २०१४ पासून मेट्रोचं स्टेशन. पण अंधेरी-कुर्ला रोड आणि साकीविहार रोड जिथे भेटतात, त्या नाक्याच्या आसपासच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधले गाळे पाहिलेत का कधी? खैरानी रोड, चांदिवली या भागात लेथ, प्रेस, पावडर कोटिंग यांच्या जोडीला प्लेटिंगचे गाळेही आहेत. जॉबवर्कचा माल चलनावर येतो, टाक्यांतून बुडून निघतो आणि चलनावरच परत जातो. नाक्यावरून साकीविहार रोडने पवईकडे निघालात तर दोन-तीन किलोमीटरवर लार्सन अँड टुब्रोचं मोठं आवार लागतं. मरोळच्या बाजूने गेलात तर साधारण तेवढ्याच अंतरावर सीप्झ. एकीकडचा इतिहास चांदीचा, दुसरीकडचा सोन्याचा. या दोघांच्या मधे उभं राहिलं की वरच्या प्रश्नाचं उत्तर बरंच सापडतं.

आधी थोडं विज्ञान, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

दोन धातूचे सपाट तुकडे एकमेकांवर दाबले तर ते सगळीकडे टेकतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते टेकतात मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवर. सगळा करंट त्या चिमुकल्या ठिपक्यांतून जातो. हे नीट मांडलं राग्नार होल्म या स्वीडिश वंशाच्या शास्त्रज्ञाने. बर्लिनला सीमेन्समध्ये काम करताना त्याने आयुष्यभर हाच विषय धरून ठेवला आणि १९४१ मध्ये त्यावर जर्मनमध्ये पुस्तक लिहिलं. आता या ठिपक्यांवर ऑक्साइडचा किंवा सल्फाइडचा पातळ पापुद्रा बसला तर करंटची वाट अडते. म्हणजे कॉन्टॅक्टचा खरा शत्रू हा पापुद्रा. आणि तो फुटणार की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: दाब किती आहे, घासण्याची क्रिया होते का, आणि व्होल्टेज किती आहे.

तांब्याचा प्रॉब्लेम आपल्या आज्यांना होल्मच्या आधीपासून माहीत होता. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट ठेवायचं नाही, त्याला आतून कल्हई करून घ्यायची. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. खालचा धातू मजबूत आणि स्वस्त, वरचा थर निरुपद्रवी. प्लेटिंगचं तत्त्व हेच. फरक इतकाच की कल्हई भट्टीवर लावतात आणि प्लेटिंग विजेने चढवतात. विजेवर चालणारं गिल्टिंग १८०५ मध्ये इटलीत ब्रुन्यातेलीने करून दाखवलं, आणि १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी सायनाइडच्या द्रावणाचं पेटंट घेऊन त्याचा धंदा उभा केला. त्यांचा माल होता चमचे, ताटं आणि फुलदाण्या. आपल्याकडे ज्याला सोन्याचं पाणी दिलेला दागिना म्हणतात तो याच घराण्यातला.

आता चांदीची बाजू. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांनी १९३८ मध्ये मुंबईत कंपनी काढली. १९४८ मध्ये त्यांनी पवईला ५५ एकर दलदल आणि जंगल घेतलं. पुढे तिथे जे जे बनलं त्यात स्विचगिअरही होतं, म्हणजे स्टार्टर, कॉन्टॅक्टर, ब्रेकर वगैरे. शेतीपंपाचा एल अँड टीचा स्टार्टर महाराष्ट्रातल्या गावागावांत पोचला. या स्विचगिअरच्या पॉइंटवर चांदीच्या मिश्रणाची टिकली जोडलेली असते, आणि बसबारचे जोड, फ्यूजच्या क्लिपा अशा न उघडणाऱ्या किंवा क्वचित उघडणाऱ्या जागी चांदीचा मुलामा, काही मायक्रॉन जाडीचा.

चांदीच का? एक तर सगळ्या धातूंत ती विजेची सर्वांत चांगली वाहक. पण मुंबईसारख्या शहरात तिला एक मोठं दुखणं आहे. नाल्यांतून, खाडीतून जो कुजका वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि त्याने चांदी काळी पडते. घरातलं निरांजन काळं पडतं तेच कारण. मग काळी पडलेली चांदी वीज कशी वाहून नेते? तर चांदीवरचा हा थर मऊ असतो. कॉन्टॅक्टरच्या स्प्रिंगचा दाब जबरदस्त, व्होल्टेज २३० किंवा ४१५, आणि वर दर वेळी उडणारी ठिणगी. एवढ्यात तो पापुद्रा टिकत नाही. चांदीचं ऑक्साइड तर उष्णतेने मोडून पुन्हा चांदीच होतं. म्हणून काळा पॉइंट म्हणजे खराब पॉइंट असं नाही. चांदीचे पॉइंट घासू नका असं स्विचगिअर बनवणारे परोपरीने सांगतात ते यासाठी. घासून आपण काळेपणा घालवत नाही, टिकलीचं आयुष्य घालवतो. टिकली संपली की खालचं तांबं उघडं पडतं, पॉइंट तापतात, चिकटतात आणि ऐन पाणी द्यायच्या वेळी मोटर जळते. शेतकऱ्याला हे केवढ्याला पडतं ते वेगळं सांगायला नको.

पण हीच चांदी टेलिफोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या सर्किटमध्ये लावली की तिचं पितळ उघडं पडतं. तिथे व्होल्टेज काही व्होल्टचं, कधी मिलिव्होल्टचं. ठिणगी नाही, दाब जेमतेम. पापुद्रा फोडणारं तिथे कुणीच नाही. अशा जागी पापुद्रा बसूच न देणारा धातू लागतो.

एकोणिसाव्या शतकात तारायंत्रांच्या रिलेमध्ये अशा जागी चक्क प्लॅटिनम वापरत. पण पहिल्या महायुद्धाच्या आधी जगाचं बहुतेक प्लॅटिनम रशियातून यायचं. युद्ध आणि १९१७ ची क्रांती यांनी तो पुरवठा कोलमडला आणि भाव भडकले. अमेरिकेतल्या बेल टेलिफोनवाल्यांनी मग सोनं-चांदी-प्लॅटिनमची मिश्रणं आणि पुढे पॅलेडियम वापरायला घेतलं. पॅलेडियम बरीच वर्षं छान चाललं. मग लक्षात आलं की काही रिलेंच्या पॉइंटवर तपकिरी भुकटी साठते. १९५८ मध्ये बेल लॅबच्या हर्मन्स आणि ईगन यांनी याचा उलगडा छापला. हवेतल्या सेंद्रिय वाफा पॅलेडियमवर बसतात आणि पॉइंट एकमेकांवर घासले की त्यांचं पॉलिमर तयार होतं. ऑक्साइडपासून वाचवणारा धातू स्वतःच नवा पापुद्रा बनवत होता. उपाय काय, तर पॅलेडियमवर सोन्याचा पातळ थर.

म्हणजे शेवटी फिरून फिरून सोनंच. आणि आता आपण मरोळच्या दिशेला वळू.

१९६२ च्या चीन युद्धानंतर दिल्लीने जे निर्णय घेतले त्यातले दोन आपल्या कामाचे आहेत. पहिला जानेवारी १९६३ चा. अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. परकीय चलन वाचवायचं, सोन्याची चोरटी आयात रोखायची, म्हणून १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी. हजारो सोनारांची रोजीरोटी गेली, काहींनी आत्महत्या केल्याच्या बातम्या आल्या. कॅरेटची अट १९६६ मध्ये गेली, पण १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो १९९० पर्यंत टिकला. दुसरा निर्णय त्याच १९६३ सालातला. देशाला लष्करासाठी आणि उद्योगासाठी इलेक्ट्रॉनिक्स स्वतः बनवता आलं पाहिजे, म्हणून डॉ. होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६६ मध्ये, भाभांच्या निधनानंतर, बाहेर आला.

गंमत बघा, एकाच युद्धातून निघालेले हे दोन निर्णय एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. एक म्हणतो सोनं कमी वापरा. दुसरा ज्या उद्योगाला जन्म देतो त्याला सोन्याशिवाय चालत नाही. आणि सोनंही कसलं? १४ कॅरेट म्हणजे ५८ टक्के सोनं, बाकी तांबं-चांदी. गळ्यात घालायला ते चालेल, पण ती तांबं-चांदी हवेत काळी पडते. कनेक्टरच्या मुलाम्यातलं सोनं साधारणपणे ९९ टक्क्यांच्या वर असतं. शुद्ध सोनं मऊ, चटकन घासलं जाणारं. म्हणून त्यात कोबाल्ट किंवा निकेल घालतात, तेही टक्क्याच्या काही दशांशाइतकंच. तेवढ्याने ते चांगलं कडक होतं आणि तरीही काळं पडत नाही.

भाभा समितीनंतरच्या इलेक्ट्रॉनिक्स धोरणाच्या काळात, १९७३ मध्ये, अंधेरीत सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन सुरू झाला. सीप्झ या नावातला पहिला 'ई' म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स, हे आज तिथे कामाला जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे. आपल्या आयटीचंही एक जुनं घर तेच. पण १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे दागिन्यांच्या कारखान्यांना प्रवेश मिळाला आणि बघता बघता सीप्झची ओळख हिरे-सोन्याच्या दागिन्यांची झाली. कनेक्टरवर मायक्रॉनने मोजलं जाणारं सोनं आणि किलोने मोजलं जाणारं सोनं एकाच कुंपणाच्या आत नांदू लागलं.

सीप्झ सुरू झालं तोवर जगात आणखी एक उलथापालथ झाली होती. ऑगस्ट १९७१ मध्ये निक्सनने डॉलर आणि सोन्याची गाठ सोडली. तोवर औंसाला अधिकृत ३५ डॉलर असलेलं सोनं जानेवारी १९८० मध्ये ८५० डॉलरला जाऊन भिडलं. कनेक्टर बनवणाऱ्या जगभरच्या कंपन्यांना घाम फुटला. आधीचा शिरस्ता म्हणजे आख्खी पिन सोन्याच्या टाकीत बुडवायची. आता इंजिनिअरांना पहिल्यांदा विचारावं लागलं की हे सोनं इथे नेमकं करतंय काय?

हिशेब सोपा आहे. सोन्याची घनता १९.३. एक चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रॉन थर म्हणजे १.९३ मिलिग्रॅम सोनं. हिशेबासाठी ग्रॅमला १० हजार रुपये भाव धरला तर १९ रुपये ३० पैसे. एका पिनेला किरकोळ वाटतं, लाखो पिनांना नाही.

त्या प्रश्नातून जी उत्तरं निघाली ती आजही चालतात. एक, सोनं फक्त जिथे पिन टेकते तिथेच लावायचं, बाकी अंगाला नाही. दोन, तांबं आणि सोनं यांच्यामध्ये निकेलचा थर द्यायचा. तो नसेल तर तांबं हळूहळू सोन्यातून वर झिरपतं आणि पृष्ठभागावर येऊन काळं पडतं. कडक निकेलच्या आधारामुळे वरचं सोनं घासलंही कमी जातं. तीन, जाडी कामाप्रमाणे. वारंवार काढ-घाल होणाऱ्या कनेक्टरला साधारण पाऊण ते सव्वा मायक्रॉन, एकदा बसवून विसरायच्या जागी त्याच्या अंशभर. काटकसर म्हणतात ती ही. सोनं कमी झालं आणि कॉन्टॅक्ट तसाच टिकला, कारण आधी धातूचं काम समजून घेतलं होतं.

पण प्रत्येक काटकसर अशी शहाणी नव्हती. सोन्याचा थर फार पातळ केला की त्यात सूक्ष्म छिद्रं राहतात आणि खालचा धातू त्यातून गंजून वर येतो. खर्च वाचवायला चांदीवर सोन्याचं नुसतं पाणी दिलं तर चांदीचं सल्फाइड छिद्रांतून वर येऊन सोन्यावर पसरतं. सोन्याऐवजी पॅलेडियम-निकेल वापरणाऱ्यांना जानेवारी २००१ मध्ये धक्का बसला. रशियाकडून पुरवठा रखडला आणि पॅलेडियम औंसाला हजार डॉलरच्या वर गेलं. १९९० च्या दशकात रॅमच्या पट्ट्या आणि सॉकेट कथलाचे निघाले. तिथे सोन्याची पट्टी कथलाच्या सॉकेटमध्ये घालू नका असा इशारा द्यावा लागला, कारण कंपनाने आणि तापण्या-निवण्याने जोड बारीक हलतो आणि कथलाचं ऑक्साइड साचत जातं. रॅम नुसती काढून परत बसवली तरी मशीन चालू होतं ते यामुळे, बसवतानाच पापुद्रा खरवडला जातो. खोडरबराची गरज नसते. उलट त्यातली खरखरीत भुकटी मायक्रॉनभर सोनं घासून नेते आणि पुढच्या वेळी बीप लवकर ऐकू येतो.

आपल्या क्षेत्रातलं उदाहरण तर आणखी अलीकडचं. जुलै २००६ मध्ये युरोपने इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंदी आणली. शिसं-कथलाच्या जागी सर्किट बोर्डांवर जे पर्याय आले त्यातला एक स्वस्त पर्याय म्हणजे चांदीचा अतिपातळ थर. गंधकयुक्त हवेच्या ठिकाणी असे सर्व्हर बोर्ड बंद पडायला लागले, सल्फाइड पसरत जाऊन शेजारच्या ट्रॅकला भिडायचं. मग डेटा सेंटरच्या हवेचे निकष आले: चांदीच्या पट्टीवर महिन्याला २०० अँगस्ट्रॉमच्या आत गंज, तांब्यावर ३०० च्या आत. नाला आणि खाडी जवळ असलेल्या आपल्या शहरात डेटा सेंटर बांधणाऱ्याला एसीइतकाच हवेतल्या गंधकाचाही विचार करावा लागतो तो म्हणूनच.

आता परत साकीनाक्याच्या गाळ्यात येऊ, कारण हिशेबाची एक बाजू अजून मांडलेलीच नाही.

सोनं आणि चांदी चढवायला आजही बहुधा सायनाइडचं क्षार असलेलं द्रावणच वापरतात. एल्किंग्टनच्या काळापासून त्याच्याइतकं गुळगुळीत, घट्ट बसणारं काम दुसऱ्याने सहज दिलेलं नाही. या द्रावणात चुकून आम्ल मिसळलं तर हायड्रोजन सायनाइड वायू निघतो, आणि तो माणूस मारतो. धुतलेलं पाणी सोडायच्या आधी त्याची आम्लता-अल्कता सांभाळून हायपोक्लोराइटने सायनाइड मोडावं लागतं, निकेल-तांबं वेगळं गाळावं लागतं. हे करायला जागा लागते, पैसे लागतात आणि रोज कुणीतरी लक्ष द्यावं लागतं. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी सुमारे १८ किलोमीटरची मिठी नदी याच साकीनाका-कुर्ला पट्ट्यातून जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी घराघरांत शिरली, तेव्हा ती नदी आहे हे मुंबईला आठवलं. तिच्यात काय काय सोडलं जातं याची चर्चा त्यानंतर जोरात झाली. प्लेटिंगवाले त्या यादीतले एकटे नाहीत, पण आहेत.

आणि सोन्याचा प्रवास इथेच संपत नाही. जुने कॉम्प्युटर, मोबाईल भंगारात जातात तेव्हा कुर्ला-साकीनाका याच भागात ते सुटे करणारे हात आहेत. पट्ट्यांवरचं मायक्रॉनभर सोनं परत काढायला कुठेकुठे उघड्यावर आम्ल वापरलं जातं. ई-कचऱ्याचे नियम मे २०१२ पासून लागू झाले, १ एप्रिल २०२३ पासून नवे आले. नियमात बसणारे रिसायकल करणारेही आहेत. तरी हातमोज्यांशिवाय आम्लात बोटं घालणारा माणूस अजून पुरता सुटलेला नाही.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे काटकसरीची वेळ पुन्हा आली आहे. एप्रिल २०२५ मध्ये आपल्याकडे १० ग्रॅम सोनं एक लाख रुपयांना भिडलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक भाव औंसाला ४००० डॉलरच्या वर गेला. पवईच्या बाजूलाही बदल झाला आहे. एल अँड टीने आपला स्विचगिअरचा धंदा ऑगस्ट २०२० मध्ये श्नायडर इलेक्ट्रिकला १४ हजार कोटींच्या व्यवहारात दिला, आणि २०२४ पासून तो लॉरिट्झ नुडसेन या नावाने ओळखला जातो. नाव बदललं तरी टिकली चांदीचीच आहे. तिच्यातलं विषारी कॅडमियम ऑक्साइड जाऊन कथलाचं ऑक्साइड येतंय, हा बदल मात्र चांगला.

तेव्हा तुमच्यापैकी जे कुणी हार्डवेअरच्या बाजूला आहेत, किंवा स्टार्टअपसाठी सेन्सरचा बोर्ड बनवून घेत आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. व्होल्टेज मोठं, ठिणगी उडणार, दाब भरपूर: चांदी. सोनं तिथे लावलं तर पहिल्या काही ठिणग्यांतच उडून जाईल. काही व्होल्टचा सिग्नल, दाब कमी: निकेलवर कडक सोनं, फक्त टेकण्याच्या जागी. जोड क्वचित हलणारा आणि दाब चांगला: कथील चालेल, पण समोरही कथीलच हवं. आणि मुलामा देणाऱ्याला फक्त 'सोनं लावा' असं सांगू नका. कुठे, किती मायक्रॉन, खाली निकेल किती हे ड्रॉइंगवर लिहा आणि एक्स-रेच्या मीटरवर मोजून घ्या.

सगळ्यांत कमी भावाचं कोटेशन समोर आलं की आणखी एक प्रश्न विचारून बघा: तुमचं धुण्याचं पाणी कुठे जातं? भावातला फरक कधीकधी सोन्याच्या जाडीत नसतो, त्या उत्तरात असतो.